कोरियातला हेझ

ज्या माणसाला धड दिसत नव्हतं, त्याला मी विमानात बसवून कोरियाचं रेल्वे म्युझियम दाखवायला घेऊन गेलो. हा माणूस म्हणजे माझे वडील.

माझ्या मूर्खपणाच्या गोष्टींचा साठा मोठा आहे आणि त्यातली ही सर्वांत जास्त खपलेली. सिंगापुरात, टॅम्पिनीसला, आमच्या मराठी मंडळींची जेवणं होतात. पुलाव संपलेला असतो, गुलाबजाम यायचे असतात, आणि त्या मधल्या वेळात कोणीतरी म्हणतं, "अनिलराव, ती कोरियाची सांगा." मी सांगतो. हातवारे करून सांगतो. लोक हसतात, बायका "बाई गं" म्हणतात आणि मी दुसरा गुलाबजाम वाढून घेतो. पण यंदा हेझ परत आलाय. खिडक्या लावून आम्ही घरात बसलोय, आणि तीच गोष्ट मनातल्या मनात सांगायला घेतली तर हसण्याच्या जागा सापडत नाहीत.

हेझ म्हणजे काय, हे गावाकडच्या मंडळींना फोनवर समजावताना माझा घसा बसतो, आणि घसा आधीच हेझने बसलेला असतो. समुद्रापलीकडे सुमात्रात जंगलं जाळतात, खालची जमीनही आतल्या आत धुमसत राहते, आणि वारा फिरला की तो सगळा धूर सिंगापुरात मुक्कामाला येतो. आम्हाला इथे राहायला पास लागतो, धुराला काही लागत नाही. सकाळी पडदा सारावा तर समोरचा ब्लॉक जागेवर नसतो. सूर्य असतो, पण लिमलेटची गोळी चोखून बारीक करावी तसा, नारिंगी आणि निरुपयोगी. बांबूवर वाळत घातलेल्या कपड्यांना विझलेल्या चुलीचा वास येतो. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघून शिष्टपणे खोकतात. रेडिओवर हवेचा आकडा सांगतात आणि ऑफिसात सगळे त्या आकड्यावर असं बोलतात, जणू तो कोणाच्या तरी तापाचा आहे.

त्या वर्षी बाबा प्रथमच आमच्याकडे आले ते नेमके या दिवसांत. आई जाऊन वर्ष झालं होतं. भुसावळला एकटे राहतात म्हणून रेखाने, माझ्या बायकोने, हट्टाने बोलावलं. आमच्या मुलीची, श्रावस्तीची, प्राथमिकची मोठी परीक्षा तोंडावर होती. त्यामुळे घरात एका खोलीत गणितं, एका खोलीत खोकला आणि मधल्या खोलीत बाबा.

बाबा इंजिन ड्रायव्हर. वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून कोळसा ढकलत सुरुवात केली आणि विजेच्या इंजिनावर मेल गाड्या चालवून रिटायर झाले. मी सिग्नलचा इंजिनिअर. पाया लेबारच्या ऑफिसात बसून ड्रायव्हर नसलेल्या गाड्यांचं काम करतो. आमच्या घरातल्या एका पिढीने गाडी चालवली आणि दुसरीने ड्रायव्हर काढून टाकला. हा विनोद मीच केलेला आहे आणि बाबांसमोर एकदाच केला.

मी त्यांना पहिल्याच आठवड्यात त्या बिनड्रायव्हरच्या गाडीत नेलं. पुढे काचेपाशी उभं केलं, जिथे लहान मुलं उभी राहण्यासाठी भांडतात. समोर बोगदा, रूळ आणि सरकत येणारे दिवे. मी बोलायला लागलो. हे असं चालतं, ते तसं चालतं, गाडी स्वतःच वेग ठरवते, स्वतःच थांबते. बाबा माझं कोपर धरून उभे होते.

"मग सिग्नल कोण पुकारतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. गरजच नाही."

"दुसरा माणूस?"

"पहिलाच नाही बाबा, दुसरा कुठला!"

मी मोठ्याने हसलो.

पुकारणं हे समजावून सांगायला हवं. इंजिनात दोघं असतात. पुढे सिग्नल दिसला की ड्रायव्हर तो मोठ्याने म्हणतो, आणि साहाय्यकाने तोच सिग्नल स्वतः पाहून परत मोठ्याने म्हणायचा. दोघांनी पाहिला, दोघांनी म्हटला, तरच तो सिग्नल खरा. एकाच्या डोळ्यावर गाडी सोडत नाहीत. बाबांच्या अंगात हे इतकं मुरलं होतं, की आम्ही पॅसेंजरने आजोळी निघालो की तेही प्रवासी म्हणून खिडकीशी बसून पुकारायचे, "होम... ऑफ." आणि मी, चड्डीतला साहाय्यक, बाहेर डोकं काढून ओरडायचो, "ऑफ!" होम म्हणजे स्टेशनात शिरतानाचा सिग्नल, स्टार्टर म्हणजे निघतानाचा. ऑफ म्हणजे सिग्नलचा हात खाली पडलेला, रस्ता मोकळा. ऑन म्हणजे हात आडवा, थांबा. डोळ्यांत कोळशाचा कण गेला तरी मी पाहिल्याशिवाय म्हणायचो नाही. कारण न पाहता म्हटलं की कान पिळला जायचा.

तर ते कोपराचं. बाबा बाहेर पडले की माझं कोपर धरायचे. आयुष्यात ज्यांनी कधी पाठीवर हात ठेवला नाही, ते बाजारात, रस्त्यावर, स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर माझ्या कोपराला धरून चालत होते. मला भरून आलं. रेखाला मी सांगितलंही, "बघ, आई गेल्यापासून किती मऊ झालेत." रेखा म्हणाली, "हो, पण ताटातली भाजी का ठेवतात हो? माझ्या हातची आवडत नसेल तर तसं सांगावं." ताटातली डावीकडची भाजी रोज शिल्लक राहायची. भाकरी संपायची, वरण संपायचं, भाजी तशीच. रेखा मनातून दुखावलेली होती. त्यांची पोटरी टीपॉयच्या कोपऱ्याला लागून निळी झाली होती. "घर नवीन आहे," मी म्हणालो. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, ट्रे घेऊन येणाऱ्या बाईवर ते सरळ चालून गेले आणि सूप जमिनीवर. "गर्दी आहे," मी म्हणालो. वर्तमानपत्र हातात धरायचे आणि बाजूला ठेवून म्हणायचे, "धुरकट दिसतं रे सगळं." यावर तर आम्ही सगळेच म्हणालो, "हेझ आहे ना, बाबा." श्रावस्ती पुस्तकातून मान वर न काढता आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, एव्हरीबडी ऑल्सो कॅनॉट सी, लाह."

खरं होतं ते. त्या महिन्यात सिंगापुरात कोणालाच नीट दिसत नव्हतं.

त्यात ऑफिसचं कोरियात, सोलला, काम निघालं. मला एक कल्पना सुचली आणि मला कल्पना सुचली की रेखा कपाळाला हात लावते. म्हटलं, बाबांना घेऊन जाऊ. इथल्या धुरातून सुटका होईल, श्रावस्तीला अभ्यासाला शांतता मिळेल, आणि तिथे रेल्वेचं म्युझियम आहे. वाफेची इंजिनं आहेत. आयुष्यभर रुळांवर राहिलेल्या माणसाला यापेक्षा चांगली भेट कोणती! बाबा नको म्हणत होते. "मला काय कळतंय तिथलं? तू जाऊन ये." मी म्हणालो, "कळायचं काय त्यात? फक्त बघायचं." हे वाक्य मी जेवणात गोष्ट सांगताना थोडं थांबून म्हणतो. तिथे हमखास हशा येतो.

कोरियाला उतरलो आणि डोळे मिचकावले. इतकं निळं आकाश मी महिनाभर पाहिलं नव्हतं. रस्त्याकडेची झाडं पिवळी व्हायला लागली होती, पान न् पान वेगळं मोजता यावं अशी हवा. परसदारांत पर्सिमनची, म्हणजे टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या गोड फळांची झाडं, पानं विरळ आणि फळं मात्र पणत्यांसारखी लगडलेली. दूरच्या डोंगरावरचा दगडही दिसत होता. मी हे सगळं बाबांना सांगत होतो, कारण मी सगळंच सांगतो. ते मान डोलवत होते.

पहिल्या दिवशी काम आटोपून मी त्यांना डोंगरावरच्या एका बुद्धविहारात नेलं. आमच्या घरी पौर्णिमेला वंदना होते, आई गेल्यापासून बाबा ती रोज करतात. लाकडी विहार, मेणाने पॉलिश केलेल्या जमिनीचा वास, पुढे मोठी सोनेरी मूर्ती. बाबांनी वंदन केलं आणि मांडी घालून डोळे मिटून बसले. आजूबाजूच्या कोरियन आज्ज्याही डोळे मिटून बसल्या होत्या. तिथे सगळ्यांनीच डोळे मिटलेले असल्यामुळे तिथेही माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्युझियम. शहराच्या दक्षिणेला, लोकल गाडीने पोचावं अशा उपनगरात. उघड्या आवारात डबे आणि इंजिनं रांगेने उभी. काळी, तेल पुसून ठेवलेली वाफेची धुडं, राष्ट्राध्यक्षांचा पडदे लावलेला खासगी डबा, आणि खेळण्यातली वाटावी अशी एक अरुंद रुळांवरची गाडी. शाळेची मुलं पिवळ्या टोप्या घालून दोन-दोनच्या रांगेत. आत काचेच्या पेट्यांमध्ये तिकिटं, कंदील, स्टेशन मास्तरच्या टोप्या.

मी पाट्या वाचायला लागलो. इंग्रजी त्रोटक होतं, त्यात मी माझं मीठमसाला घालत होतो. पहिली गाडी बंदरापासून निघाली ती राजधानीच्या अलीकडे नदीपाशीच थांबायची, कारण पूल व्हायचा होता. मग जपान्यांनी रूळ टाकले, थेट उत्तरेपर्यंत, पुढे चीनपर्यंत. मग युद्ध झालं, देशाचे दोन तुकडे झाले आणि रूळ मध्येच तुटले. बाबा म्हणत होते, "वाच." एक पाटी झाली की, "पुढची वाच." असा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता. माझी मुलगी माझं दुसरं वाक्य ऐकत नाही, बायको पहिलंच ऐकत नाही. आणि इथे माझा बाप, ज्याने माझी मार्कशीटसुद्धा उभ्या-उभ्या पाहिली, तो मला "वाच" म्हणतोय. मी फुललो होतो.

नकाशापाशी ते थांबले. मी त्यांना सांगितलं की रूळ इथपर्यंत येतो आणि पुढे नुसती रेघ आहे, गाडी जात नाही.

"ज्या दिवशी तुटला, त्या दिवशी जे ड्रायव्हर गाडी घेऊन तिकडे गेले होते त्यांचं काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काय माहीत."

"लिहिलंय का बघ."

मी बघितलं. रुळांची लांबी होती, पुलांची नावं होती. ड्रायव्हरांचं काही नव्हतं.

"रनिंग रूममध्ये झोपले असतील," बाबा स्वतःशीच म्हणाले. रनिंग रूम म्हणजे गाडी पोचवल्यावर परतीची गाडी मिळेपर्यंत ड्रायव्हरांनी परगावी निजायची खोली. लोखंडी खाटा, तिखटजाळ रस्सा, दाराशी वाळत टाकलेले पंचे. "सकाळी उठून परत निघायचं म्हणून डबा धुऊन ठेवला असेल."

मी क्षणभर गप्प बसलो. माझ्या बाबतीत ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

बाहेर एका इंजिनाच्या केबिनमध्ये चढायला लाकडी पायऱ्या लावल्या होत्या. बाबा चढले ते हाताने चाचपत. आत गेल्यावर मात्र त्यांचे हात निराळे झाले. भट्टीचं दार, रेग्युलेटरचा दांडा, ब्रेक, पाण्याची काच, सगळ्यांवरून ते बोटं फिरवत होते, सासरहून आलेल्या लेकीच्या तोंडावरून फिरवावीत तशी. बाहेर स्पष्ट पाटी होती, हात लावू नये. गणवेशातली एक बाई लगबगीने आली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ती बाबांकडे बघत राहिली होती. मग तिने मला बाजूला बोलावलं, स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं, बाबांकडे केलं आणि भुवया उंचावल्या. मला वाटलं, विचारतेय की हे बघायला आले आहेत का. मी छाती काढून म्हणालो, "येस, येस! इंजिन ड्रायव्हर! इंडिया!" तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचा अर्थ मी तेव्हा आदर असा लावला. तिने बाबांना खुणेने सांगितलं, लावा हात, खुशाल लावा. आणि जाताना पायऱ्या उतरायला त्यांना आपला हात दिला. तो हात तिने त्यांच्या डावीकडून नाही, उजवीकडून दिला. ज्या बाजूने दिसेल त्या बाजूने. तिला काही क्षण पुरले होते.

आवाराच्या टोकाला एक जुना हाताचा सिग्नल उभा केला होता. उंच खांब, त्यावर लाल हात. मला लहानपण आठवलं. मी म्हणालो, "बाबा, पुकारा!"

बाबा थांबले. मान वर केली. कोट खाली ओढून नीट केला. आणि पोटातून, इंजिनाच्या धडधडीवर जावा असा आवाज काढून म्हणाले, "स्टार्टर... ऑफ!"

पिवळ्या टोप्या सगळ्या वळल्या. मी वर पाहिलं. हात आडवा होता. ऑन. आणि बाबांची मान त्या खांबाकडे नव्हतीच. ते शेजारच्या दिव्याच्या खांबाकडे बघत होते.

आणि मी हसलो. मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. "अहो बाबा, गाडी घातलीत की तुम्ही!" मी ओरडलो. "लाल सिग्नलात घातलीत! गेली नोकरी!"

साहाय्यकाचं काम काय असतं ते वर सांगितलंच आहे.

तिथे एक बाक होता, बाबा त्यावर जाऊन बसले. बसण्याआधी बाक हाताने चाचपला. मी पर्सिमन आणली होती, एक कापून त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी खाल्ली नाही. समोर लख्ख ऊन. इंजिनांच्या पितळी पट्ट्या चमकत होत्या. आकाश असं, की वर बोट लावलं तर वाजेल.

"अनिल," ते म्हणाले, "इथेही हेझ आहे का रे?"

मी गोष्ट सांगताना इथे थांबतो. एवढ्यात गुलाबजाम येतात आणि कोणीतरी म्हणतं, "अरेरे, मग?" मग काय. मग मी त्यांच्या शेजारी बसलो आणि एकेक डोळा झाकून विचारायला लागलो, हे दिसतं का, ते दिसतं का. उजव्याने मधलं दिसत होतं. "बोगद्यातून बाहेर बघतो ना, तसं," ते म्हणाले. "पुढचं तोंड उजेडाचं, बाजूला काही नाही." डाव्याने काय? डाव्याने नुसता उजेड. कधीपासून? रिटायर झाल्यावर केव्हातरी. आईला माहीत होतं? "तिच्यामुळेच तर चाललं," बाबा म्हणाले. ती म्हणे ताट फिरवून ठेवायची.

भाजी. रेखाची भाजी.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"रेखाला बोलू नकोस," ते म्हणाले. "आणि भुसावळला तर कोणालाच नाही."

"बाबा, रिटायर होऊन किती वर्षं झाली तुम्हाला!"

"म्हणून काय झालं?"

मला तेव्हा राग आला. आज इतक्या वर्षांनी, खिडकीबाहेरचा धूर बघत बसल्यावर, तो राग कुठे गेला ते सापडत नाही. त्याच्या जागी रेल्वे कॉलनीतलं आमचं क्वार्टर येऊन उभं राहतं. दर काही वर्षांनी बाबांची 'मेडिकल' असायची. त्यात बाकी सगळं ठीक, पण डोळे. डोळे नापास झाले की ड्रायव्हर इंजिनावरून उतरला. मग शेडमध्ये कुठेतरी पाणी भर, चिंध्या वाट. आमच्या लाइनीत एक काका होते, रुबाबदार, मिशीला पीळ देणारे. मेडिकल झाली आणि दुसऱ्या आठवड्यात शेडच्या दाराशी स्टुलावर बसलेले दिसले. आम्ही पोरं त्यांच्यासमोरून जाताना गप्प व्हायचो. मेडिकल जवळ आली की आमच्या घरात रेडिओ बंद. गाजरं. डोळ्यांवर गुलाबपाण्याचे बोळे. आई भांडं आपटू द्यायची नाही, जसा काही आवाजाने डोळ्याला तडा जाईल. बाबा पलंगावर उताणे, कापसाचे पांढरे डोळे लावलेले, आणि आम्ही भावंडं भिंतीला चिकटून. त्या दिवशी ते परत येताना आई फाटकाशी उभी असायची. विचारायची नाही, नुसती तोंडाकडे बघायची. पास झाल्यावरही बाबा हसायचे नाहीत. म्हणायचे, "पुढच्या खेपेपर्यंत."

ती पुढची खेप रिटायर झाल्यावर संपायला हवी होती. त्यांच्यापुरती ती संपली नव्हती. डोळा जातोय म्हटल्यावर त्यांनी जे सगळे ड्रायव्हर करतात तेच केलं असावं. कोणाला सांगितलं नाही.

सिंगापुरात परतलो तर हेझ होताच. विमानतळावर उतरताच तो वास. रेखाला मी टॅक्सीतूनच मेसेज करून सांगितलं. आम्ही घरी पोचल्यावर तिने ताट वाढलं, भाजी उजवीकडे वाढली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला आम्हाला भांडावं लागलं. अंगात नवा शर्ट घालून, केस चापून, सहीला पेन खिशात लावून ते निघाले तेव्हा मला कळलं की हे मेडिकलला निघालेत.

तिथे एक यंत्र होतं. पांढऱ्या अर्धगोलात तोंड घालायचं, समोर बघायचं आणि बाजूला कुठेही दिव्याचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. बाबा दाबत होते. ठिपका नसतानाही दाबत होते. चमकण्याला एक लय असते, ती त्यांनी पकडली आणि तालावर दाबायला लागले. यंत्र चालवणारी मलाय बाई ते बघून उठली. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अंकल, नो नीड टू गेस, लाह. हिअर नोबडी फेल."

मी मराठीत सांगितलं. "बाबा, अंदाजाने दाबू नका. इथे कोणी नापास करत नाही."

"तसंच सांगतात," बाबा म्हणाले. पण त्यानंतर ते थांबले. ठिपके चमकत राहिले असतील आणि त्यांचा अंगठा बराच वेळ हललाच नाही. ती शांतता मी कधी कुठल्या जेवणात सांगितलेली नाही.

काचबिंदू. डावा गेलेला. उजव्याच्या कडा गेलेल्या, मधलं शिल्लक. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखायचं, जन्मभर. डॉक्टरीणबाईंनी कागदावर डोळ्याचं चित्र दाखवलं. कडेने काळं, मध्ये थोडं पांढरं. मी लगेच विचारलं, थोडे आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, आधी आलेलं केव्हाही चांगलं. मग त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, हे घराण्यात उतरतं, दुखत नाही, कळतही नाही, तेव्हा आता तुम्ही तपासून घ्या.

मी मान डोलावली. मान मी उत्तम डोलावतो.

यंदाही बाबा आलेत. दर वर्षी तपासणीला येतात. उरलेलं बरंचसं राहिलंय. त्यांच्या खुर्चीची जागा ठरलीय, टीपॉय आम्ही काढून टाकला, आणि श्रावस्ती, आता माझ्या खांद्याला आलेली, कॉलेजातून आल्यावर त्यांना बातम्या वाचून दाखवते. इंग्रजीतून वाचते, ते हिंदीतून प्रश्न विचारतात, भांडण मराठीत होतं. बाहेर समोरचा ब्लॉक पुन्हा नाहीसा झालाय. ऑफिसात परवा माझा चहाचा कप माझ्याच कोपराने उडाला. बाजूच्या चिनी सहकाऱ्याने टिश्यू दिला, "हेझ सो बॅड," म्हणाला, आणि मी त्याला हो म्हणालो. मग बराच वेळ कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत एकेक डोळा झाकून पाहिला. दोन्हीकडे सारखंच धूसर होतं. की नव्हतं? हवा स्वच्छ होईल तेव्हा कळेल, असं मी ठरवलं. हवा स्वच्छ झाली होती, मधल्या सगळ्या वर्षांत. तेव्हा काम होतं, बैठका होत्या, श्रावस्तीच्या परीक्षा होत्या.

रेखाने डोळ्यांच्या दवाखान्यात माझी वेळ घेतली होती. ती मी फोन करून पुढे ढकलली. तिने परत घेतली, मी परत ढकलली. काल जेवताना तिला ते कळलं आणि तिने पळी ताटात आपटली.

"बघा बाबा, हे असं करतात. तुमच्या वेळी मला सांगत होते, म्हाताऱ्याने लपवायला नको होतं."

श्रावस्ती म्हणाली, "पप्पा, सीरियसली?"

मला वाटलं, या घरात माझं दुखणं समजणारा एकच माणूस आहे. बाबा खुर्चीत मान मागे टाकून बसले होते, नुकतेच थेंब घातलेले, डोळे मिटलेले. मी त्यांच्याकडे वळून म्हणालो, "बाबा, तुम्हीच सांगा हिला. त्या तपासणीची भीती काय असते, ते तुमच्याशिवाय कोणाला कळणार?"

बाबांनी डोळे उघडले नाहीत. बोटाने गालावरचा ओघळ पुसला.

"आमची भाकरी होती त्या तपासणीवर," ते म्हणाले. "तू नुसता भित्रा आहेस."